पेंढ्याला धरतं कोण?



संगणकवाली पेंढ्यावर बोलणार म्हणताच मागच्या बाकांवर हसू फुटलंय. हसा! पण भाताची झोडणी झाल्यावर आपल्या आटगावात जी पेंढ्याची उडवी रचतात, ती बरीचशी साखरेचीच असते. पेंढ्यातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. आपल्याला ती पचत नाही. खरं तर गाईलाही पचत नाही. तिच्या पोटातले जीवाणू आणि बुरश्या ते काम करतात.

शाळेत आपण विकरं शिकलो. विकर साखळी कापतं, एवढंच तेव्हा लिहून घेतलं. पण सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात, पाण्यात विरघळत नाहीत. मग विकर तिथे टिकून राहतं कसं? 1986 साली गेंट आणि उप्पसालाच्या शास्त्रज्ञांनी ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीच्या एका विकराचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा छोटे, विरघळलेले रेणू आधीसारखाच कापत होता, पण घट्ट सेल्युलोजपुढे जवळपास निकामी झाला. लहान तुकडा कापत काहीच नाही, नुसता धरून ठेवतो. पण त्याच्याशिवाय काम अडतं.

हा धरणारा भाग जेमतेम 36 अमिनो आम्लांचा. त्याची एक बाजू सपाट असते आणि तिच्यावर टायरोसिनची तीन कडी एका ओळीत बसलेली असतात. त्यांच्यातलं अंतर साखळीतल्या एकाआड एक ग्लुकोजशी जुळतं. भाकरीवर भाकरी ठेवावी, तशी कड्यावर ग्लुकोजची सपाट बाजू बसते. काही जीवाणूंच्या प्रथिनांत सपाट बाजूऐवजी खोबण असते, तिच्यात एकटी साखळी शिरते. अशा पकडींची शंभरच्या आसपास कुळं नोंदलेली आहेत. माझ्या कामात नमुना जुळवायला किती ओळी लिहाव्या लागतात! इथे नुसता आकार बसला की झालं.

ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजवताना सापडली. कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्माची भुकटी तिच्याच भावकीतली.

आता दुधाचा मुद्दा. पेंढ्यात काही कस नसतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. कस आहे, पण त्याच्यावर लिग्निन आणि सिलिकाचं आवरण आहे, म्हणून पकड बसायला जागाच मिळत नाही. युरिया प्रक्रिया हेच आवरण सैल करते. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरांवर शिंपडायचा, दाबून, हवाबंद झाकून 21 दिवस ठेवायचा. युरियातून निघणारा अमोनिया लिग्निनचे बंध तोडतो, पेंढा फुगतो आणि जीवाणूंना सेल्युलोज सापडतं.

उघडल्यावर उग्र वास येतो. तो उडून जाईपर्यंत पेंढा पसरून ठेवा, मगच गुरांपुढे टाका, तोही थोडा थोडा वाढवत. युरियाच्या पाण्याला गुरांचं तोंड लागू देऊ नका, ते विषारी असतं. आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा अजिबात नको.