सूर्याचे जाणे आणि येणे

बंगळुरूच्या गवीपुरम भागातील गवी गंगाधरेश्वराच्या गुहामंदिरात मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्याचे किरण खिडकीतून येऊन, नंदीच्या दोन शिंगांमधून जाऊन शिवलिंगावर पडतात, आणि त्या काही मिनिटांसाठी तेथे मोठी गर्दी होते. परंतु हाच प्रकाश नोव्हेंबरच्या अखेरीस व डिसेंबरच्या आरंभीही त्याच वाटेने पिंडीपर्यंत पोहोचतो, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. बी. एस. शैलजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात या मंदिराचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नोव्हेंबर-डिसेंबरची ही वेळही नोंदलेली आहे. वर्षातून एक दिवस आकाशाकडे पाहणे हे दर्शन असेल, पण ते निरीक्षण नव्हे. निरीक्षणाला जाणे आणि येणे असे दोन्ही पाहावे लागते.

घरातल्या झोपाळ्यावरून हे समजू शकेल. झोपाळ्याच्या टोकापासून थोडे आत उभ्या असलेल्या माणसाजवळून झोपाळा दोनदा जातो, एकदा पुढे जाताना आणि एकदा परतताना. जो केवळ परतीच्या वेळी पाहतो, त्याला झोपाळा कोठून वळला हे कळत नाही. सूर्याच्या झोपाळ्याचे दक्षिण टोक 21 किंवा 22 डिसेंबरला येते, उत्तर टोक 21 जूनच्या सुमारास, आणि मध्य म्हणजे दिवस व रात्र जवळजवळ समान असण्याचे विषुवदिन मार्चमध्ये व सप्टेंबरमध्ये. झोपाळा मध्यावर वेगाने सुटतो आणि टोकाशी रेंगाळतो; तसेच विषुवदिनाच्या सुमारास सूर्यास्ताची जागा रोज सूर्यबिंबाच्या सुमारे पाऊण व्यासाइतकी सरकते, तर डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती हलल्याचे जाणवतही नाही. म्हणूनच एका दिवसाच्या पाहण्याने अयन, म्हणजे सूर्याचे वळणे, सापडत नाही. दोन्ही बाजूंच्या नोंदी लागतात.

संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे अनेक घरांत आजही मुलांना सांगितले जाते, ही गोष्ट खेदाची आहे. संक्रांत म्हणजे निरयन, अर्थात ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या मकर राशीत सूर्याचा प्रवेश होय. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाची दिशा संथपणे बदलत गेल्यामुळे विषुवाचे बिंदू सुमारे 72 वर्षांत एक अंश सरकतात, आणि त्यातून संक्रांत व प्रत्यक्ष अयन यांत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. गवीपुरमचा नोव्हेंबरातला प्रकाश पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण जाणारा सूर्य त्याने पाहिलेला असतो.

बंगळुरू सुमारे 13 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने 25 एप्रिल व 18 ऑगस्टच्या आसपास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एक मीटर उंच काठीची मध्यान्हछाया डिसेंबरच्या अयनदिनी उत्तरेकडे सुमारे 74 सेंटिमीटर, तर जूनच्या अयनदिनी दक्षिणेकडे सुमारे 18 सेंटिमीटर पडते. शून्यछायाही वर्षातून दोनदाच येते, एकदा सूर्य जाताना आणि एकदा परतताना, हे पुन्हा ध्यानात घ्यावे.

नक्षत्रांनाही जाणे-येणे पाहण्याचा हाच नियम लागू आहे. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. त्यामुळे जानेवारीत संध्याकाळी पूर्वेकडे दिसणारे मृग मेअखेर पश्चिमेच्या संधिप्रकाशात लोपते, आणि 7 किंवा 8 जूनला ‘मृग लागला’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो. जागा बदलली की आकाशही बदलते; पुण्याहून बंगळुरूत स्थायिक झालेल्या कुटुंबांना ध्रुवतारा साडेपाच अंश खाली गेलेला आढळेल, आणि उत्तरेच्या इमारतींआड तो बहुधा दिसणारही नाही. त्याच मानाने दक्षिणेकडचे अगस्त्य आणि त्रिशंकू येथे अधिक वर येतात.

सूर्याचे हे जाणे-येणे टिपण्यासाठी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला एक सूर्यास्त, एकाच गच्चीवरून, एकाच जागी उभे राहून मुलांनी पाहावा, आणि क्षितिजावरच्या इमारतीचे किंवा झाडाचे नाव तारखेसह वहीत लिहावे. या कामाला दुर्बीण लागत नाही, पण मोठ्यांनी आपली संध्याकाळ मुलांना द्यावी लागते.