खापरावरची अक्षरे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बीरगांव येथे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानाचा विषय कार्यकारिणीने आमच्या मर्जीवर सोडला होता. आम्ही ‘खापरे’ असे म्हणताच समोरच्या मंडळींच्या मुद्रेवर किंचित निराशा उमटली. ती स्वाभाविकच होती. आपल्या भाषेत खापर ही काही मानाची वस्तू नव्हे. दोष द्यावयाचा झाला की आपण ते दुसऱ्याच्या माथी फोडतो. परंतु पणजोबांच्या वडिलांना ‘खापरपणजोबा’ म्हणणारी भाषाही हीच आहे, आणि आज आम्हास बोलावयाचे आहे ते अशाच, घराण्याच्या आठवणीपलीकडे गेलेल्या माणसांविषयी.

आम्ही पुराणवस्तुशास्त्राचे पंडित नाही. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि सारा काळ फायलींच्या सहवासात घालविला. त्यामुळे प्राचीन राजांपेक्षा त्यांच्या कारकुनांविषयी आम्हास अधिक जिव्हाळा वाटतो. राजाचे दानपत्र ताम्रपटावर कोरले जाई, त्याची कीर्ती शिलेवर. हिशेबाच्या चिठ्ठीसाठी तांबे कोण खर्च करणार? फुटलेले मडके मात्र फुकट मिळते.

इजिप्तमध्ये राजांची थडगी खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांची देर अल-मदीना नावाची वस्ती होती. तेथे चुनखडीच्या कपच्या पायांखाली विखुरलेल्या असत. त्यांवर शाईने पत्रे, पावत्या, भांडणे, सारे काही लिहिले गेले. कोणी चित्रेही काढली; एका कपचीवर तर मांजर उंदराच्या सेवेस उभे आहे! अशी हजारो खापरे व कपच्या तेथे सापडल्या. त्यांतील एक कपची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते चक्क हजेरीपत्रक आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीचे ४० वे वर्ष, म्हणजे सुमारे इ. स. पूर्व १२५०. कामगारांची नावे ४०. तारखा काळ्या शाईने आणि गैरहजेरीची कारणे त्यांवर तांबड्या शाईने. कोणास विंचू चावला, कोणाचे डोळे दुखत होते, कोणी आईच्या अंत्यविधीत गुंतला होता, आणि कोणी घरी बीअर तयार करीत होता. रजेचे अर्ज आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. हे शेवटचे कारण इतक्या निर्मळ मनाने नोंदलेले कोठे पाहिले नाही.

याच सुमारास आपल्याकडे प्रवरेच्या काठी, संगमनेरजवळच्या जोर्वे येथे, कुंभार तांबड्या भांड्यांवर काळ्या रेषांची नक्षी काढीत होते. डॉ. सांकलिया यांच्या उत्खननाने त्या गावाचे नाव एका संस्कृतीस मिळाले. त्याच प्रवरेकाठच्या दायमाबादला त्याहून जुन्या थरांत सिंधू लिपीची चिन्हे असलेली खापरेही सापडली.

ग्रीसमध्ये अथेन्सकरांनी खापराची मतपत्रिका केली. ज्याचे फार प्रस्थ माजले असेल त्याचे नाव नागरिक खापरावर कोरीत. किमान ६,००० खापरे जमली की ज्याच्या नावाची अधिक, तो दहा वर्षे हद्दपार. १९३७ साली तेथील एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची सुमारे १९० खापरे मिळाली, आणि हस्ताक्षरे पाहतात तो लिहिणारे हात अवघे चौदा! निवडणुकीच्या कामावर गेलेल्या सरकारी नोकरास यावर भाष्य करण्याची गरज नाही.

पण ज्या खापरासाठी आम्ही हा विषय घेतला ते वेगळेच आहे. तांबड्या समुद्राच्या इजिप्ती किनाऱ्यावर कुसेर अल-कदीम नावाचे प्राचीन बंदर आहे. शिकागोच्या विद्वानांनी १९७८ नंतर तेथे उत्खनन केले, तेव्हा एका खापरावर ब्राह्मी अक्षरे दिसली. भाषा प्राकृत, नाशिक, कार्ले, जुन्नर येथील लेण्यांतले लेख ज्या भाषाकुळातले, त्याच कुळातली. त्यावर तीन असामींची नावे आहेत: हालक, विण्हुदत, नाकद. विण्हुदत म्हणजे आपला विष्णुदत्तच की! आणि पुढे काय? तेल, मांस, मद्य यांचा हिशेब. बस्स, एवढेच.

आम्ही या तिघांचा पुष्कळ विचार केला. समुद्र ओलांडून गेलेली ही माणसे. भोवती ग्रीक आणि इजिप्ती बोलणारे लोक. तरीही शिध्याची चिठ्ठी लिहावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी आपलीच लिपी वापरली. येथील कारखान्यांच्या आश्रयाने आलेल्या आपल्या पहिल्या पिढीने किराण्याची यादी कोणत्या भाषेत लिहिली, हे येथे बसलेल्या वयस्क भगिनी सांगतील. त्यांच्या नातवंडांची यादी कोणत्या लिपीत असते, तेही त्याच सांगतील.

आता आपल्या छत्तीसगडाकडे येऊ. किरारी गावच्या तळ्यातून १९२१ साली एक लाकडी खांब निघाला. सुमारे अठराशे वर्षे तो चिखलात सुखरूप होता. त्यावर नगररक्षक, गणक, भांडागारिक, महानसिक, धावक अशा अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यांसह कोरलेली होती. एवढ्या काळाची ती आस्थापना-यादी! बाहेर काढल्यावर मात्र उन्हाने लाकूड वाळले, कपच्या उडाल्या आणि बरीच अक्षरे गेली. सुदैवाने ती गळण्यापूर्वी गावातल्या एका पंडिताने जशी दिसली तशी उतरून घेतली होती, म्हणून लेखाचा मोठा भाग आज वाचता येतो. खांब रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. सिरपूरला जाणारी मंडळी संग्रहालय टाळून पुढे जातात, हे आम्हास पटत नाही.

येथे एक व्यावहारिक सूचना. उरला, सिलतरा भागात पाया खोदताना किंवा तळे उपसताना जुनी खापरे निघाली, तर ती ब्रशने घासून धुऊ नयेत. शाई असल्यास ती पाण्याबरोबर जाते. जागा नोंदवावी, वस्तू तेथेच ठेवून पुरातत्त्व विभागास कळवावे.

आणि एक विनंती. नूतनीकरणासाठी मंडळाची दोन जुनी कपाटे रिकामी करून आतील कागद रद्दीत द्यावेत, असा ठराव पुढील बैठकीपुढे आहे. आम्ही ती कपाटे उघडून पाहिली. गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या आहेत, हळदीकुंकवाच्या सामानाच्या याद्या आहेत, नाटकाच्या तालमीची हजेरी आहे. गैरहजेरीपुढे “पाळी बदलली”, “गावी गेला”, “भट्टीवर भाजले” अशी कारणे आहेत. काही नावांची माणसे आज नाहीत. तो ठराव तूर्त स्थगित ठेवावा. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही कार्यालयात वह्यांची सूची करावयास बसणार आहोत. मोडी वाचू शकणारे एक गृहस्थ येण्याचे कबूल झाले आहेत. जुने हस्ताक्षर ओळखू शकतील अशा आणखी दोघांची गरज आहे. मुलांना अवश्य आणावे. नावे त्यांच्याकडूनच लिहून घेऊ.