पाऊल पुसू नका



मुंबईत चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठी, माहुल नावाचं कोळ्यांचं जुनं गाव आहे. एका अंगाला तेलशुद्धीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला तिवरांची झाडी आणि चिखल. ओहोटी लागली की या चिखलावर किती तरी खुणा उमटतात. खेकडा कुठून गेला, बगळा कुठे उतरला, जाळं कुणी ओढत नेलं, हे जाणत्या माणसाला वाचता येतं. पण काही तासांत भरती येते आणि सारी पाटी कोरी करून जाते.

आज बोलायचं आहे ते या कोऱ्या होणाऱ्या पाटीबद्दल.

समजा, अशाच एका खाडीकाठच्या गावात पहाटे कोणी होडीकडे निघाला आणि तिवरांच्या कडेला त्याला एक माणूस निपचित पडलेला दिसला. तो हाका मारतो. घटकाभरात पन्नास माणसं जमतात. कोणी अंगावर चादर घालतो. कोणी जवळचा कोयता उचलून बाजूला ठेवतो, पोराबाळांना लागू नये म्हणून. कोणी चेहऱ्यावरचं रक्त पुसतो. सगळे भल्या मनाचे. पण पोलीस येऊन पाहतात तर पन्नास जणांच्या पावलांत हवं ते एक पाऊल हरवलेलं, आणि कोयत्यावर भलत्याच्याच बोटांचे ठसे!

यात दुहेरी नुकसान आहे. खरा गुन्हेगार सुटू शकतो, हे एक. आणि ज्यानं भलेपणानं कोयता उचलला त्याच्यावरच संशय जाऊ शकतो, हे दुसरं. म्हणून पुरावा राखायचा तो जितका बळी पडलेल्यासाठी, तितकाच निरपराध माणसासाठी.

पुरावा म्हणजे तरी काय? गवतातून चालून आलात की धोतराला, लुगड्याला कुसळं चिकटतात, आणि वाटेवर तुमचं पाऊल उमटतं. तुम्ही काही घेऊन आलात, काही ठेवून आलात. फ्रान्समधील एडमंड लोकार्ड यांनी १९१० साली ल्यों शहरात पोलिसांची प्रयोगशाळा काढली. त्यांनी हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. केस, धागा, माती, रक्ताचा थेंब, बोटाचा ठसा, हे सारे मुके साक्षीदार. ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांना पुसून टाकता येतं.

बोटाच्या ठशाचंच पाहा. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपलेल्या गोरगरिबांचे खून पडत होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जो इसम पकडला, तो अनेक नावांनी वावरत असे. पोलिसांच्या दप्तरात आधीपासून असलेल्या ठशांशी त्याचे ठसे जुळले, आणि तो रामन राघव असल्याची खात्री पटली. माणूस नाव बदलू शकतो, बोटांवरच्या रेषा बदलू शकत नाही.

तेव्हा अशा वेळी आपण करायचं काय?

पहिली गोष्ट, जीव. माणसात धुगधुगी असेल तर पुराव्याची पर्वा न करता त्याला वाचवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मात्र तो कुठे, कसा पडला होता हे लक्षात ठेवा. गळफास असेल तर दोर कापा, पण गाठ सोडू नका. गाठीपासून दूर कापा. विष घेतलेलं असेल तर बाटली, पेला फेकू नका. डॉक्टरांनाही त्यांचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, गर्दी. चार बांबू रोवून दोर बांधा. आत जायचंच झालं तर एकानं जावं, एकाच वाटेनं जावं, त्याच वाटेनं परतावं. कोण आत गेलं, कशाला हात लागला, ते लिहून ठेवा आणि पोलिसांना खरं खरं सांगा. ११२ वर फोन करा. गावात पोलीस पाटलांना कळवा.

तिसरी गोष्ट, खुणा. पाऊल उमटलं असेल तर त्यावर घमेलं पालथं घाला, कडा ठशाला लागू न देता. पण खाडीच्या चिखलात घमेल्याचं काय चालणार? भरती थांबत नाही. तिथे ठशाशेजारी शाळेतली फूटपट्टी ठेवून, बरोबर वरून फोनवर छायाचित्र घ्या आणि भरतीची वेळ पोलिसांना सांगा. घरफोडी झाली तर कपाट आवरू नका, केर काढू नका. काय गेलं ते मागाहून मोजता येईल.

चौथी गोष्ट जरा नाजूक आहे, पण सांगितलीच पाहिजे. एखाद्या स्त्रीवर किंवा मुलीवर अत्याचार झाला, तर घरची मंडळी आधी तिला न्हाऊ घालतात, कपडे धुतात. तिच्या मायेपोटीच हे होतं, पण तिची साक्ष त्यात वाहून जाते. तिला धीर द्या आणि तशीच दवाखान्यात न्या. सरकारी असो वा खाजगी, तिथे तिच्यावर मोफत उपचार करणं कायद्यानं बंधनकारक आहे. न्हाणं झालं असेल तरीही न्या. वेळ गेली असं समजू नका.

रक्ताचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. ओल राहते, बुरशी धरते. सावलीत वाळवून कागदात ठेवतात. उलट, आग लावल्याचा संशय असेल तर जळकी चिंधी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात, नाहीतर रॉकेल उडून जातं. रक्ताला कागद, रॉकेलला डबा. हे काम पोलिसांचं आहे, पण ते का, हे आपल्यालाही कळलेलं बरं.

पुढे पंचनामा होतो, वस्तूवर मोहोर बसते आणि तपासणीसाठी ती मुंबईत कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जाते. कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली याची नोंद राहिली पाहिजे. एक कडी तुटली की साखळी निकामी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञानं जागेवर यावं, अशीही तरतूद आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. आपल्याला पंच म्हणून बोलावलं तर जावं. पण डोळ्यांनी पाहावं, लिहिलेलं वाचावं आणि मगच सही करावी.

पण तज्ज्ञ केव्हाही आले तरी पहिलं पाऊल गावकऱ्याचंच असतं. शिक्षक बंधुभगिनींनो, हे शाळेत सहज शिकवता येईल. अंगणात वाळू पसरा, एका मुलाला त्यावरून चालवा आणि बाकीच्यांना विचारा: तो कुठून आला, कुठे थांबला, पायात काय होतं? मग साऱ्या वर्गाला वाळूवरून पळू द्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. मुलं हा धडा विसरणार नाहीत.

भरती आपल्या हाती नाही, श्रोतेहो. आपले पाय मात्र आपल्या हाती आहेत. ते वेळीच थांबवू या.