मांजराची नखं कापताना



मांजराची नखं कापायची,
तर ते पेंगुळलेलं असताना कापा.
पंजाची गादी हलकेच दाबा.
नख आपसूक बाहेर येईल.

नखाच्या मुळाशी गुलाबी भाग दिसतो.
तिथे रक्तवाहिनी असते.
म्हणून फक्त टोक कापा.
काळ्या नखात गुलाबी भाग दिसत नाही.
तिथे अगदी थोडंच.

रक्त आलंच, तर घाबरू नका.
स्वच्छ कापूस काही मिनिटं दाबून धरा.
चिमूटभर कॉर्नफ्लोअरही चालतं.

किरकोळ खरचटलं, तर कोमट पाण्यानं धुवा.
घरातलं जंतुनाशक मात्र नको!
मांजर जखम चाटतं, ते पोटात जातं.
आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल?
मुळीच नाही.
आपल्याला साधी वाटणारी ही गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

पुन्हा सांगते, फक्त टोक कापा.
रक्त थांबेना, तर लगेच पशुवैद्यांकडे न्या.