दिवे घाटातला पाऊस

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात एका जुन्या टाळकऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)





शंभर वर्षांचा हिशेब माझ्या आधी बोलणाऱ्यांनी सांगितला. मला तेवढं पाठ नाही. मी एकाच दिवसाचं सांगणार आहे. आणि ते सांगायला कारण आहे. परवाच्या बैठकीत काही पोरांनी सूचना मांडली, की पाऊस लागला की वीणा गाडीत ठेवावी, जुनं वाद्य आहे, भिजून खराब होतं. सूचना मनापासून केलेली आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण ठराव करायच्या आधी माझं एवढं ऐकून घ्या.

पस्तीसएक वर्षं झाली असतील. आपल्या दिंडीत माझा एक जोडीदार विणेकरी होता. नाव घेत नाही, जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्याचं रान आणि माझं रान बांधाला बांध. त्याचा एक बैल, माझा एक बैल, अशी आमची सावड. दोघांची पेरणी एकाच पाभरीवर व्हायची.

एका साली मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला. सकाळी मी बैल घेऊन त्याच्याकडं गेलो, तर दावणीला बैल नाही. आदल्या बाजारी विकलेला. मला एका शब्दानं सांगितलं नाही. भाड्याची जोडी मिळेस्तोवर पाच-सहा दिवस गेले, ओल उडाली, निम्मी बाजरी उगवलीच नाही. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

दोन वर्षं आम्ही एकाच दिंडीत चाललो आणि बोललो नाही. रस्त्यात भेटेल त्याला मी माऊली म्हणायचो, अनोळखी माणसाच्या पाया पडायचो. हा समोर आला की मात्र टाळाची दोरी नीट करत दुसरीकडं वळायचो.

तिसऱ्या साली पुण्याहून सासवडला निघालो. हा मुक्काम सगळ्यात लांबचा, 30 किलोमीटरच्या वर, आणि त्यात एकादशीचा उपास. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याला लागते आणि आपण माऊलींबरोबर सासवडकडं वळतो. तिथंच झड लागली. वडकीला विसाव्याला थांबलो तेव्हा पोतं, कागद, घोंगडी, सगळं भिजलेलं होतं. जो तो एकच विचारत होता, आपल्याकडं पडला असंल का? तेव्हा हातात फोन नव्हते. पाऊस अंगावर पडायचा आणि जीव रानात असायचा.

घाट लागला आणि पावसानं जोर धरला. रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या, तरी रथ सावकाश चालला होता. रस्त्यावरनं पाणी आपल्या अंगावर यावं तसं खाली येत होतं. खाली मस्तानीचा तलाव दिसतो ना, त्या दिवशी काही दिसत नव्हतं. पखवाजाचं चामडं भिजलं, कणीक सुटली, आवाज बसला. नुसते टाळ आणि गळे राहिले.

माझा जोडीदार मागं पडायला लागला. त्याला रात्रीपासून हुडहुडी भरत होती, हे मला नंतर कळलं. एका वळणावर तो थांबला. मी मागं बघितलं. त्यानं आपला प्लास्टिकचा कागद वीणेला गुंडाळला होता आणि स्वतः उघडा भिजत होता. दुसरे विणेकरी पायाला फोड आले म्हणून गाडीनं पुढं गेलेले. वीणा घेण्याजोगा जवळ मी एकटा.

आपल्या दिंडीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. वीणा भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि घेणारा-देणारा एकमेकांच्या पाया पडतात.

तो म्हणाला, "घे गड्या, खाली टेकायला नको." दोन वर्षांतला तो पहिला शब्द.

खोटं कशाला सांगू, मी घटकाभर तसाच उभा राहिलो. मागनं बायका येत होत्या, दिंडी खोळंबली. मग वाकलो. चिखलानं भरलेले, गार पडलेले पाय. एका अंगठ्याचं नख उचकटलेलं. उठून भेटलो तर त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं. तो माझ्या पायाशी वाकला तेव्हा त्याला उठता येईना, मी काखेत हात घालून उठवलं.

वीणा माझ्या गळ्यात आली, माझे टाळ त्यानं घेतले. एका म्हातारीनं आपली घोंगडी त्याच्यावर टाकली. गाडीत बस म्हणालो तर ऐकेना. माझा खांदा धरून घाट चढला.

सासवडला समाजआरती झाली. फिरत्या दवाखान्यातनं गोळ्या आणून त्याला दिल्या. राहुटीत पाणी शिरलेलं, निजायला कोरडी जागा नाही. दोघं एका पोत्यावर पाठीला पाठ लावून बसलो. तो म्हणाला, "बैल विकायच्या आधी तुला सांगायला पाहिजे होतं. पण तू पैसे काढून दिले असतेस, आणि तुझ्याकडं तरी कुठं होते?"

आता माझं ऐका. त्यानं बैल का विकला हे मला आठ दिवसांतच कळलं होतं. त्याची बायको तालुक्याला दवाखान्यात होती, ऑपरेशन होतं. मला सारं ठाऊक होतं. तरी मी बाजरीचा राग धरून बसलो आणि वहिनींना बघायला गेलो नाही. ते मी त्या रात्री त्याला सांगितलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती विचारायची, भावजी कसे आले नाहीत म्हणून."

माऊली, एवढ्या वाऱ्या झाल्या, पण ते वाक्य अजून कानात आहे. आषाढी करून गावात आलो तो घरी न जाता आधी त्यांच्या दारात गेलो. वहिनींनी चहा दिला, पेरणीचं विचारलं, दुसरं काही नाही. पुढच्या साली पुन्हा सावड केली. तो जाईपर्यंत मोडली नाही.

आता तुमच्या सूचनेचं. वीणा जपलीच पाहिजे. चांगली मेणकापडाची खोळ शिवा, पहिले पैसे मी देतो. विणेकरी दोनाचे चार करा, म्हणजे एकट्यावर भार येणार नाही. पण तिला गाडीत ठेवू नका. त्या दिवशी ती गाडीत असती, तर कोरडी राहिली असती. आम्ही दोघं मात्र दोन बाजूंनी सासवडला पोचलो असतो, आणि कदाचित मरेपर्यंत तसेच चाललो असतो. मी आपणहून त्याच्या पायाशी वाकणारा माणूस नव्हतो. मला वीणेनं वाकवलं.

या मंडपातही एकमेकांशी न बोलणारे असतील. बांधावरनं, वाटणीवरनं, निवडणुकीवरनं. मी कुणाकडं बोट दाखवत नाही. येत्या वारीत घाट लागला की त्याच माणसाच्या गळ्यातली वीणा मागून घ्या. बाकीचं तुम्हाला करावं लागणार नाही.

चुकलंमाकलं पदरात घ्या. बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! रामकृष्णहरी.