'रंगकाम' या शब्दात काय काय येतं?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल'. ही वाटचाल बहुतेक एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर झालेली आहे. त्यात सांगण्यासारखं फार नाही, म्हणून मी विनंती करून विषय बदलून घेतला. मी आज घराच्या रंगकामाबद्दल बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर रंगकाम ठरवताना आपण जे बोलतो आणि जे बोलत नाही, त्याबद्दल.

तुमच्यातल्या पुष्कळांना माझे वडील आठवत असतील. दर मे महिन्यात शाळेच्या फळ्यांना काळा रंग तेच द्यायचे. जूनमध्ये पहिल्या दिवशी फळ्याचा जो वास यायचा, तो आमच्या घरात वर्षभर असे. ते गेल्यावर धंदा धाकट्या भावाने पुढे चालवला. त्याच्याकडे आज चार माणसं आहेत. आणि आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दसऱ्याच्या आधी हमखास मेसेज येतो, 'कुणी चांगला पेंटर सांगा'. दिवाळीनंतर त्याच माणसाचा दुसरा मेसेज येतो, 'पेंटर लोकांवर विश्वास ठेवू नका'. काही वर्षांपूर्वी अशा दुसऱ्या मेसेजमधला पेंटर माझा भाऊ होता. मेसेज लिहिणारा आपला वर्गमित्र आज इथे बसलेला आहे. त्याची परवानगी घेऊनच सांगते आहे, नाव मात्र सांगणार नाही. तुम्ही ओळखालच, पण ते तुमचं तुम्ही बघा.

काम ठरलं होतं फोनवर. 'गावातलं जुनं घर, सगळीकडे दोन हात, लेबर रेट, चौदा रुपये फूट, दिवाळीच्या आत.' एवढंच. भिंती आणि छत मिळून साधारण २,००० चौरस फूट, म्हणजे जुन्या भाषेत २० ब्रास. मजुरी झाली २८,००० रुपये. रंग मालकाचा.

भावाच्या बाजूचा हिशेब असा होता. दोन पेंटर आणि एक हेल्पर, रोजचे २,४०० रुपये. नऊ दिवसांचं काम धरलं तर २१,६००. उरले ६,४००. त्यातून ब्रश, रोलर, पॉलिश पेपर, गाडीचं पेट्रोल आणि त्याची स्वतःची मेहनत. पहिल्या दिवशी भिंतीला पत्ती लावली, तर तळहाताएवढे पोपडे निघाले. खाली जुना डिस्टेंपर, त्याच्याखाली चुना. त्यावर नवा रंग नुसता मारला असता तर छान दिसला असता आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यासकट खाली आला असता. भावाने सगळं खरवडून काढलं, धुतलं, पुट्टी दोनदा ओढली, घासली, मग प्रायमर. चार दिवस जास्त गेले, म्हणजे ९,६०० रुपये. एकूण मजुरी ३१,२०० झाली आणि ठरलेल्या पैशात ३,२०० रुपये खिशातून घालायची पाळी आली. त्याने ९,००० रुपये वाढवून मागितले. मित्राला वाटलं, दिवाळी तोंडावर बघून हा अडवतोय.

दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. मित्र म्हणत होता, 'मी रंगकाम दिलं, रंगकामाचा रेट ठरला.' भाऊ म्हणत होता, 'मी दोन हात रंगाचा रेट दिला, खरवडण्याचा नाही.' रंगकामात खरवडणं येतं की नाही, हा प्रश्न फोनवर कुणी विचारलाच नव्हता. 'दोन हात' म्हणजे तरी काय? प्रायमरचा एक आणि रंगाचा एक, की प्रायमर सोडून दोन? मी नंतर गावातल्या चार जणांना विचारलं. दोन उत्तरं मिळाली, दोन-दोन मतांनी.

मी ज्या धंद्यात आहे तिथे या गोष्टीला 'स्कोप' म्हणतात, कामाची व्याप्ती. ग्राहक म्हणाला की अहवालात अजून एक रकाना हवा, तर आम्ही हसून मान डोलावतो आणि संध्याकाळी एक फॉर्म पाठवतो, 'चेंज रिक्वेस्ट'. इतके दिवस जास्त, इतके पैसे जास्त, सही करा. सही नाही तर रकाना नाही. यात कुणाला अपमान वाटत नाही. पेंटरने हेच केलं की तो लबाड ठरतो. त्याच्यासाठी आपल्याकडे एक खास वाक्य आहे, 'जाता जाता एवढं करून टाक.' जाता जाता खिडकीच्या ग्रिलला एक हात मार. जाता जाता गेट. जाता जाता कपाटाच्या मागची भिंत. वडील म्हणायचे, लोकांच्या जाता जातामध्ये माझा आख्खा दिवस जातो.

वडिलांच्या काळात निदान तयारीला नाव होतं. खडूची पावडर आणि बेलतेल मळून 'लांबी' करायची, ती भरायची, वाळू द्यायची, घासायची. लांबीचे पैसे वेगळे, रंगाचे वेगळे. पुढे पुट्टी पिशवीत तयार मिळायला लागली. पिशवी मालक आणतो, त्यामुळे पुट्टीचं काम तिच्याबरोबर फुकट येतं असा काहीसा समज झाला असावा. भिंत नीट करायची तर निम्म्याहून जास्त वेळ ब्रश हातात नसतोच, पत्ती आणि पॉलिश पेपर असतो. आणि भाव मात्र ब्रशचा ठरतो.

आमच्या त्या प्रकरणात पुढे काय झालं? तिघेजण टेप आणि वही घेऊन बसलो. आधी मापावरून वाद. दार-खिडकीची जागा वजा करायची की नाही? मित्र म्हणाला, तिथे भिंतच नाही तर पैसे कसले? भाऊ म्हणाला, पण चौकटीच्या आतल्या कडा कोण रंगवतं? मी फोनवर शोधलं तर या वादाचं उत्तर सरकारी कागदात आधीच होतं. बांधकामाची मापं कशी घ्यायची याचं १२०० क्रमांकाचं भारतीय मानक आहे आणि त्याचा १५ वा भाग रंगकामाचा आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करायची नाही. साधा फ्लश दरवाजा असेल तर त्याच्या क्षेत्रफळाला दर बाजूला १.२ ने गुणायचं, पॅनेलचा असेल तर १.३ ने, कारण त्याच्या खाचा आणि कडा रंगवायला जास्त हात लागतो. म्हणजे तीन फूट बाय सात फुटांचं २१ फुटी पॅनेलचं दार एका बाजूने २७.३ फूट मोजलं जातं. भावाने हे वाचून वही खाली ठेवली. म्हणाला, 'ताई, अण्णांनी आयुष्यभर एकवीसच लावले.'

शेवटी ९,००० च्या जागी ६,००० वर मिटलं. भावाचे स्वतःचे पैसे जाण्याचं वाचलं, पण त्याच्या वाट्याला २,८०० रुपये आले, तेही ब्रश आणि पेट्रोल धरून. मित्राने ग्रुपवरचा मेसेज काढून टाकला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

कायद्याचं म्हणाल तर तोंडी करारही करारच असतो. १८७२ च्या करार कायद्यात ७० वं कलम आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी काम केलं, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो, वेगळा करार नसला तरी. खरवडलेल्या भिंतीला हे कलम अगदी चपखल बसतं. पण ९,००० रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढणारा पेंटर मी पाहिलेला नाही. त्याचं कोर्ट म्हणजे पुढचं काम. तिथे त्याची बदनामी आधीच पोचलेली असते.

मी प्रोजेक्टसाठी दीड वर्ष न्यू जर्सीत होते. तिथे रंगकामाच्या कंत्राटदारांची १८८४ पासूनची संघटना आहे, कामगारांची वेगळी युनियन १८८७ पासूनची. युनियनच्या करारात मजुरी आणि कामाच्या अटी ठरतात, तर कंत्राटदारांच्या संघटनेने काम कसं तपासायचं याची मानकं लिहिली आहेत. त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे रंगवलेली भिंत ३९ इंचांवरून, साधारण एक मीटर लांबून बघायची, खोलीत नेहमी असतो त्या उजेडात, भिंग न लावता. मोबाईलचा टॉर्च भिंतीला टेकवून बघितला तर ताजमहालालाही उंचवटे दिसतील. आपल्याकडे हल्ली फॉल्स सीलिंगमध्ये एलईडीची पट्टी बसवतात. तिचा उजेड भिंतीवरून घसरत खाली येतो आणि प्लास्टरमधली प्रत्येक लाट दाखवतो. ती पट्टी बसते रंग झाल्यावर आणि शिव्या खातो पेंटर. तिथे लाइट येणार आहे हे आधी सांगितलं असतं, तर त्याने पुट्टी त्या हिशेबाने ओढली असती आणि पैसेही त्या हिशेबाने मागितले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे काम घेताना जे डोळ्यांना सहज दिसण्यासारखं आहे, तेवढ्याचीच जबाबदारी पेंटरवर. भिंतीच्या पोटातली ओल त्याच्यावर नाही. आपल्याकडे वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाझरलेलं पाणीसुद्धा पेंटरच्याच बिलातून कापलं जातं.

अण्णांची आणखी एक गोष्ट सांगते. जुन्या दारांवरचा ऑइल पेंट ते कोरडाच घासायचे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचे थर आपल्या वाड्यांच्या दारांवर अजून आहेत. ते खरवडताना पाणी मारून घासायला हवं, तोंडावर चांगला मास्क हवा, घरातली लहान मुलं दूर हवीत. पाणी मारून घासायला वेळ जास्त लागतो. 'जाता जाता दारही घास' म्हणताना हा वेळ कुणाचा, तेही सांगायला हवं.

आणि कागदाचा आणखी एक उपयोग आहे, तो मला भावानेच शिकवला. बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वय १८ ते ६० हवं आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. पेंटर यात येतो. पण आज या घरी आठ दिवस आणि उद्या त्या घरी पाच दिवस काम करणाऱ्याने नव्वद दिवस दाखवायचे कशाच्या आधारावर? तारखा आणि सही असलेले कामाचे कागद जपून ठेवले तर दाखला मागायला जाताना हातात काहीतरी असतं. भावाच्या चौघांपैकी तिघांची नोंदणी झाली आहे. चौथा अजून 'बघू' म्हणतो. चौघांचाही वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा मात्र भावाने सक्तीने काढायला लावला आहे, अपघाती मृत्यूला दोन लाखांचा. पुरेसा नाहीच. पण घोड्यावर चढलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी काहीच नसण्यापेक्षा बरा.

तर त्या प्रकरणानंतर मी भावासाठी एक पानाचा कागद केला. वकिली भाषा नाही. कोणत्या खोल्या, छत धरून की सोडून. जुना रंग खरवडायचा की नुसता घासायचा. पुट्टी किती वेळा. प्रायमर, आणि तो सोडून रंगाचे हात किती. दारं, ग्रिल, गेट एकेक मोजून. माप कसं घेणार. उचल किती, मधला हप्ता कधी, शेवटचा कधी. ओल निघाली तर काम थांबवून मालकाला दाखवायची आणि पुढचं दोघांनी मिळून ठरवायचं. वाढीव कामासाठी खाली पाच रिकाम्या ओळी, प्रत्येकीपुढे रक्कम आणि दोघांची सही. शिवाय रंगाच्या डब्यात पेंटरसाठी जे टोकन निघतं ते कुणाचं, हेही. यावर लोक खूप हसतात, पण मालकाच्या मनात तो काटा असतोच. भाऊ म्हणतो टोकन माझं, आणि ते मी आधीच सांगतो.

सुरुवातीला दोन गिऱ्हाइकं कागद बघून गेली. 'सही कशाला, आपण काय परके आहोत?' म्हणाली. भाऊ खट्टू झाला. मी त्याला म्हटलं, थांब थोडं. आता कागद तोच पुढे करतो, आणि खरवडण्याचा रेट वेगळा लिहिल्यामुळे त्याचा एकूण भाव गावात सगळ्यात जास्त दिसतो. काही कामं त्यामुळे जातात. जी मिळतात त्यांत शेवटचा हप्ता वेळेवर येतो, असं तो म्हणतो.

कागदाच्या पन्नास प्रती चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत. घर रंगवणाऱ्यांनी घ्या, आणि आपल्यातले जे प्लंबिंग, वायरिंग, सुतारकाम करतात त्यांनीही घ्या, शब्द बदलून चालेल. बाई, तुम्ही मघाशी विचारलंत म्हणून सांगते, शाळेच्या फळ्यांसाठीही चालेल. फक्त शेवटची ओळ खोडू नका. ती भावाने स्वतः घातलेली आहे, मोठ्या अक्षरात: 'कपाट, पलंग आणि फ्रिज कोण हलवणार?' त्याच्या मते सगळ्यात जास्त भांडणं फ्रिजवरून होतात.