बटण दाबलं, पुढे काय?



सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडणारी मुलं आज समोर बरीच दिसताहेत, आणि त्या भागांचे पैसे देणारे आईवडीलही. दोघांच्याही तोंडी एकच वाक्य असतं, ‘चालू होत नाही.’ माझी पहिली हरकत या वाक्यालाच आहे. बटण दाबल्यावर काहीच झालं नाही, की पंखा एक गिरकी घेऊन थांबला? पंखे, दिवे सगळं चालू आहे पण डिस्प्ले येत नाही? की विंडोज नीट येतं, पण गेम सुरू केला की मशीन पटकन बंद पडतं? ही चार वेगळी दुखणी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आपल्याकडचा रूढ उपाय म्हणजे भाग बदलून बघणं. रॅम बदल, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा बदल, शेवटी बोर्ड बदल. लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या तपकीर गल्लीत ज्या दुकानदाराच्या पाठीमागचं कपाट भागांनी भरलेलं आहे, त्याला हे परवडतं. घरी प्रत्येक भाग एकेकच असतो. म्हणून घरी जोडणाऱ्याला क्रम ठाऊक हवा. वीज भिंतीतून निघाल्यापासून पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत कोण कोणासाठी थांबलेलं असतं, हा तो क्रम.

जुन्या एटी पद्धतीच्या टॉवर कॅबिनेटमध्ये हा प्रश्नच नव्हता. 230 व्होल्टची वायर थेट समोरच्या बटणापर्यंत यायची. बटण खटकन आत गेलं की वीज सुरू, बाहेर आलं की बंद. आठवत असेल, शट डाउन केल्यावर विंडोज 95 नारिंगी अक्षरांत सांगायचं की आता मशीन बंद करायला हरकत नाही. बंद करायचं काम मात्र आपलंच. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाचा अधिकार गेला. आजचं बटण वीज तोडत नाही, जोडतही नाही. ते बोर्डाला फक्त विनंती करतं.

आता ही विनंती कुठून कुठे जाते ते बघू. भिंतीवरचा स्विच आणि एसएमपीएसच्या पाठीवरचा खटका चालू असेल, तर मशीन ‘बंद’ असतानाही जांभळ्या वायरीवर 5 व्होल्ट हजर असतात. बोर्डाचा एक छोटा भाग त्यावर जागा राहतो. तुम्ही बटण दाबता, दोन पिना क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि त्या जाग्या भागाला कळतं. मग तो हिरवी वायर ग्राउंडला ओढतो. एसएमपीएसला उठण्याचा हुकूम मिळतो तो इथे. पिवळ्या वायरीवर 12, लालवर 5 आणि नारिंगीवर 3.3 व्होल्ट येतात. पण प्रोसेसर अजून हललेला नसतो. सगळे व्होल्टेज जागेवर स्थिरावल्यावर 100 ते 500 मिलिसेकंदांनी एसएमपीएस करड्या वायरीवर ‘ठीक आहे’ असा इशारा देतो. एसटीच्या कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, तसा बोर्डही करड्या वायरीचा इशारा येईपर्यंत प्रोसेसरला रीसेटमध्ये अडवून धरतो.

आता पहिलं दुखणं, काहीच होत नाही. भिंत, स्पाइक गार्ड, पाठीमागचा खटका हे बघून झालं असं धरून चालतो, जरी निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असा माझा संशय आहे. बोर्डावर बारीक दिवा लागलेला असेल तर जांभळी वायर शाबूत आहे. मग संशय बटणावर. कॅबिनेटमधून येणाऱ्या त्या नखाएवढ्या टोप्या कुठल्या पिनांवर बसवायच्या हे बोर्डाच्या पुस्तिकेत असतं, आणि अंदाजाने बसवणारे पुष्कळ. पॉवरच्या टोपीला उलटसुलट असं काही नसतं, मात्र शेजारच्या दिव्याच्या टोपीला असतं. टोपी काढा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना क्षणभर टेकवा. मशीन उठलं तर बोर्डही चांगला, एसएमपीएसही चांगला, बटण खराब. तेव्हा नवं कॅबिनेट आणायला धावू नका. रीसेटची टोपी पॉवरच्या पिनांवर बसवा. दोन्ही बटणांची आतली रचना एकच असते.

तरीही काही झालं नाही तर एसएमपीएस एकट्यालाच तपासायचा. त्याच्या सगळ्या केबल बोर्डातून आणि डिस्कमधून सोडवा. 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी पेपरक्लिपने जोडा, आणि मगच भिंतीवरचा स्विच चालू करा. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, तेव्हा रंगावर न जाता क्रमांक बघा. हिरव्याची जागा 16, शेजारची 17 ग्राउंड. पंखा फिरला की लोक खूश होतात. पंखा फिरला म्हणजे हुकूम पोचला, एवढंच. काही एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरतच नाही, तो वाईट ठरवून फेकू नका. मल्टीमीटर लावा. 12 व्होल्टची वायर 11.4 ते 12.6 मध्ये हवी, 5 ची 4.75 ते 5.25 मध्ये. भाराखाली ती कशी वागेल हे या परीक्षेत कळत नाही, पण मेलेला आणि जिवंत यांतला फरक नक्की कळतो. आणि कळल्यावर तो उघडायचा नाही. आत 230 व्होल्टचा एसी डीसी होताना सव्वातीनशे व्होल्टवर जातो, आणि प्लग काढल्यावरही मोठा कपॅसिटर तो विसरत नाही.

पंखा गिरकी घेऊन थांबतो ते दुसरं दुखणं. माझ्या मते हे सगळ्यांत प्रामाणिक. एसएमपीएस सांगत असतो की कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणून मी हात आखडता घेतला. इथे पुन्हापुन्हा बटण दाबण्यात अर्थ नाही. काही एसएमपीएस असं थांबल्यावर भिंतीवरची वीज थोडा वेळ बंद ठेवल्याशिवाय परत उठतच नाहीत. मग बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एकच रॅम, बाकी सगळं बाजूला. खोक्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये गेल्यावर थांबला, तर पितळी स्टँडऑफ मोजा. बोर्डाला जिथे भोक नाही अशा जागी एक जास्तीचा स्टँडऑफ राहिलेला असतो, आणि तो पाठीमागून नेमका सोल्डरला टेकतो. खोक्यावरही थांबला तर प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना उजेडात बघा. इंटेलच्या बोर्डात त्या केसासारख्या पिना सॉकेटमध्येच असतात, आणि वाकलेली एक पीन शेजारणीला टेकली तरी पुरे.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, हे तिसरं दुखणं नव्या जोडणीत सर्रास दिसतं. त्याचं मोठं कारण बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, हीटसिंकच्या सावलीत दडलेलं असतं. 2000 मध्ये पेंटियम 4 आला तेव्हापासून प्रोसेसरला 12 व्होल्टची स्वतंत्र केबल लागते. पूर्वी ती 4 पिनांची असायची, आता बहुधा 8. ती राहिली तरी मोठ्या कनेक्टरवर पंखे, दिवे सगळं हसतखेळत चालतं, आणि माणूस रॅमवर संशय घेत बसतो. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. स्लॉटमधून त्याला 75 वॅट मिळतात, त्यावरची भूक वेगळ्या केबलने भागवावी लागते. आणि मॉनिटरची केबल कार्डालाच लावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, त्यांच्यात डिस्प्लेचा भागच नसतो, मग बोर्डावरच्या एचडीएमआयमधून काय येणार?

रॅमला आपल्याकडचा सार्वत्रिक इलाज म्हणजे खोडरबर. जुन्या, दमटपणाने काळवंडलेल्या पट्ट्यांवर तो खरंच चालतो, कोकणात तर पावसाळ्यानंतर हमखास. नव्या कोऱ्या रॅमवर कशाला घासता? ती दोन्ही बाजूंनी टक् वाजेपर्यंत दाबलेली नसते, किंवा चुकीच्या खाचेत असते. एकच रॅम असेल तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी खाच. डीडीआर 5 असेल तर आणखी एक गोष्ट. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची ओळख करून घेतो आणि त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहतो. अशा वेळी घाईने वीज तोडणारा स्वतःच नवा बिघाड तयार करतो. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं छापलेले चार दिवे असतील तर ते बघा. ज्या नावाशी दिवा अडकून राहिला, तिथे क्रम थांबला.

चौथ्या दुखण्याचं, म्हणजे भाराखाली बंद पडण्याचं, मूळ बऱ्याचदा एसएमपीएसच्या लेबलवर छापलेलं असतं, पण मोठ्या अक्षरांत नाही. समजा वर ठळक 450 वॅट आहे आणि खाली 12 व्होल्टसमोर 18 अँपिअर. गुणाकार करा, 216 वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टवरूनच घेतात, तेव्हा तुमच्या हाती आलेत 216. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसबद्दल माझं मत यावरून ओळखा. तो बदलाल तेव्हा मॉड्युलर प्रकारच्या जुन्या केबल तशाच ठेवून नवा डबा जोडू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते. केबल सहज बसते आणि हार्ड डिस्कच्या 5 व्होल्टच्या जागी 12 जातात.

घराच्या वायरिंगबद्दल थोडं बोलून थांबतो. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे इतकी नेहमीची आहे की लोक तिला मशीनचा स्वभाव समजतात. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून लोखंडी पत्र्याकडे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. नसेल, तर पत्रा 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो, टेस्टर लावला की उजळतो. त्या करंटने माणसाला सहसा इजा होत नाही, पण अशा वेळी मॉनिटरची किंवा प्रिंटरची केबल लावताना उडालेली ठिणगी पोर्टला मारू शकते. इथे दोष कॉम्प्युटरचा नाही. तिसरी पीन काढून टाकलेला प्लग, दोन पिनांची एक्स्टेन्शन, नाहीतर भिंतीतच अर्थची वायर नाही. एसएमपीएस बदलू नका, वायरमनला बोलवा.

आणि इन्व्हर्टर. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण भाराखाली सुमारे 16 मिलिसेकंद तग धरतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे एका आवर्तनापेक्षाही कमी अवकाश. घरच्या इन्व्हर्टरला बहुधा दोन मोड असतात. पंखे-दिव्यांसाठी ठेवलेल्या साध्या मोडमध्ये तो सावकाश बदल घेतो, आणि दिवा नुसता लुकलुकतो तिथे कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडचा खटका बहुतेक वेळा पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला असतो. तो फिरवा आणि घरचा मेन स्विच एकदा बंद करून बघा. उघडी फाइल मात्र आधी सेव्ह करा.